घारी-ससाणे मोजून काय मिळतं?

सप्टेंबर आला, की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका डोंगरकड्यावर माणसं दुर्बिणी घेऊन बसलेली दिसतात. आभाळात ठिपका दिसला, की तो गरुड आहे, ससाणा आहे की आणखी कुणी, हे ओळखायचं, आकडा नोंदवायचा आणि पुन्हा वर बघायचं. 15 ऑगस्ट ते 15 डिसेंबर, रोज हेच काम. या जागेचं नाव हॉक माउंटन. इथली मोजणी 1934 पासून चालू आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली, तर तिच्यात खंड नाही.

‘एवढा वेळ कुणाकडे असतो?’ हा पहिला प्रश्न. ‘आणि त्यातून मिळतं काय?’ हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

थंडी टाळायला दक्षिणेकडे निघालेले हे पक्षी डोंगररांगेच्या कडेकडेने जातात. डोंगराला धडकून वर चढणारा वारा त्यांना आयता उचलतो, पंख फारसे मारावे लागत नाहीत. हे शिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे चोर, अशी तेव्हाची समजूत. गॉसहॉक मारणाऱ्याला तर सरकारच 5 डॉलर बक्षीस द्यायचं. त्यामुळे या कड्यावरून दर मोसमात बेसुमार गोळीबार व्हायचा. 1934 मध्ये रोझली एज या न्यूयॉर्कच्या बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, मॉरिस ब्राऊन यांना राखणदार नेमलं आणि बंदुका थांबल्या. ब्राऊन यांनी राखणीसोबत पक्षी मोजायलाही सुरुवात केली.

त्या वह्यांची खरी किंमत कळायला पंचवीसेक वर्षं जावी लागली. रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ हे कीटकनाशकांवरचं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी हॉक माउंटनचे आकडे वापरले. 1935 ते 1939 या काळात तिथून गेलेल्या बाल्ड ईगल गरुडांपैकी 40 टक्के लहान वयाची पिल्लं होती. 1955 ते 1959 मध्ये हे प्रमाण 20 टक्क्यांवर आलं. म्हणजे मोठे गरुड दिसत होते, पण त्यांच्या मागे नवी पिढी पुरेशी येत नव्हती. नुसतं ‘हल्ली गरुड कमी दिसतात’ म्हटलं असतं, तर कंपन्यांनी हसून सोडून दिलं असतं. पुढे 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली आणि 2007 मध्ये हा गरुड धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला.

आपल्याकडे हेच गिधाडांच्या बाबतीत घडलं. गिधाडं इतकी होती, की ती मोजावीत असं सहसा कुणाला वाटलं नसतं. पण 1991 ते 1993 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी शिकारी पक्ष्यांची पाहणी करून ठेवली होती. 2000 मध्ये तीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा 90 टक्क्यांहून जास्त घट दिसली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध याला कारणीभूत असल्याचं 2004 मध्ये सिद्ध झालं आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आधीचा आकडा नसता, तर घट किती आणि कधीपासूनची, हे कशाच्या जोरावर सांगणार होतो?

आज नेमकी हीच अडचण आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा विचार झाला, पण दीर्घकाळात काय बदललं, हे फक्त 338 जातींबद्दल सांगता आलं. त्यातल्या 60 टक्के जाती घटल्यात आणि शिकारी पक्ष्यांची स्थिती चिंतेची आहे. उरलेल्या सहाशे जातींच्या पुरेशा जुन्या नोंदीच नाहीत. पाणपक्ष्यांची गणना आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत होते. पण एकाच जागी बसून, दरवर्षी, स्थलांतराच्या मोसमात घारी-ससाणे मोजण्याची ठिकाणं अगदी मोजकीच आहेत.

यात तुमचं काय काम? परतीचा पाऊस ओसरताना मध्य आशियातून आलेले भोवत्ये आपल्या माळरानांवर उतरू लागतात. नोव्हेंबरच्या सुमारास अमूर ससाणे नागालँड-मणिपूरमधला मुक्काम आटोपून, भारत ओलांडून आफ्रिकेकडे जातात. कॉलेजजवळची एखादी टेकडी किंवा माळ निवडा. आठवड्यातला एक ठरावीक वार आणि तास पकडा. जात, संख्या, वारा आणि ढग नोंदवा. काहीच दिसलं नाही, तर शून्य लिहा. तोही आकडाच आहे. ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी’ लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. हे सगळं ईबर्डसारख्या मोफत अॅपवर टाकता येतं.

एका मोसमाच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही, कारण वारा फिरला की पक्षीही वाट बदलतात. दहा-वीस वर्षांची रांग लागली, की चित्र दिसायला लागतं. तुम्ही कॉलेजात तीनच वर्षं असता, म्हणून वही ज्युनिअर्सच्या हातात देणं हा या कामाचाच भाग आहे. सरकारी कागदावर माळरानाला सर्रास ‘पडीक’ म्हटलं जातं. उद्या त्याच माळावर प्रकल्प आला आणि ‘इथे होतं काय?’ असं कुणी विचारलं, तर पुढे ठेवायला तारखेनिशी नोंदी असाव्यात. यंदाचा मोसम सुरू झालाय.