चिलापी आणि आपण

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणले जातात आणि या शहराची तहान उजनी धरण भागवतं. म्हणून मासळीवरच्या या अंकात आम्ही समुद्राआधी उजनीकडे पाहिलं.

पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून थेट या धरणात येतं. कटला-रोहूपेक्षा चिलापीला ते जास्त सोसतं. मूळची आफ्रिकेतली ही मासळी कमी प्राणवायूत तगते, अंडी तोंडात उबवते. धोका दिसला की पिलंही आईच्या तोंडात शिरतात. अशा चिवट आईपुढे देशी जातींचा निभाव कसा लागावा? भिगवणच्या बाजारात टोपल्या चिलापीनं भरतात आणि आपण त्यालाच बरकत म्हणतो.

त्यात बारीक आसाची जाळी. बोटाएवढं पिलू, एकदाही अंडी न घालता, टोपलीत पडतं. मासा किती वाढल्यावर धरावा याचं गणित मत्स्यशास्त्रज्ञ बेव्हर्टन आणि होल्ट यांनी १९५७ मध्येच मांडलं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ सागरी जातींसाठी किमान आकार ठरवला. (अंमलबजावणी बंदरावर जाऊन बघावी!) धरणातल्या माशांच्या बाबतीत हीच तत्परता का नाही, असा आमचा सवाल आहे.

मच्छीमारांना दोष देणं सोपं आहे. आपलं शहर उजनीच्या खालच्या अंगाला, त्यामुळे इथल्या रंगखान्यांचं पाणी त्या धरणात जात नाही, असंही म्हणता येईल. पण ते शेवटी भीमेलाच मिळतं, भीमा पुढे कर्नाटकात जाते, आणि जाळी तिथेही लागतातच.