घरच्या माणसाचा हिशेब

जुलै २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून निवडून आल्या, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्यात गैर काहीच नव्हते. महाराष्ट्राच्या वेशीबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला दिल्लीत कोणीतरी आपले असावे, ही भूक फार जुनी आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला ती कळायची नाही. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेली, १९६२ पासून निवडणुका लढवत आलेली एक मराठी बाई देशाची पहिली महिला राष्ट्रपती होते, ही साधी गोष्ट नव्हे. शिवसेनेने तर आपल्या आघाडीचे उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना बाजूला सारून मराठीपणासाठी ताईंना मते दिली. तेही समजू शकते.

समजत नाही ते पुढचे. पाच वर्षांनी, २०१२ च्या उन्हाळ्यात, त्याच ताईंच्या खर्चाचा, घराचा आणि निर्णयांचा प्रश्न देशभर चर्चेत आला, तेव्हा आमच्या घराघरांतून एकच सूर निघाला : मराठी बाई मोठी झाली, ते या लोकांना बघवत नाही. आमच्या एका वाचनालयाच्या बैठकीत मी म्हणालो, की आकडे तरी वाचा. तर एका ज्येष्ठ सभासदांनी मला घरभेदी ठरवले. आता या गोष्टीला एक तप उलटून गेले आहे. पण तो सूर गेलेला नाही. माणूस बदलला की त्याच चालीवर पुन्हा लागतो. म्हणून त्याच्याविरुद्ध हे लिहीत आहे.

आधी आकडे. मार्च २०१२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मिळालेली उत्तरे वृत्तपत्रांत आली. तोवर ताईंचे बारा परदेश दौरे झाले होते, बावीस देश झाले होते आणि खर्च २०५ कोटी रुपये. त्यांपैकी १६९ कोटी विमानाचे, म्हणजे एअर इंडियाच्या खास राखून ठेवलेल्या अवाढव्य बोइंगचे, आणि ३६ कोटी परराष्ट्र खात्याने राहण्याफिरण्यावर केलेले. बरोबर कुटुंबातली मंडळी कोण कोण होती, याचीही चर्चा झाली. राष्ट्रपती भवनाचे म्हणणे असे, की दौरे सरकारच्या सल्ल्याने होतात. हे खरेच आहे. घटनेप्रमाणे राष्ट्रपती आपल्या मनाने परदेशी जात नाहीत, आणि विमान किती मोठे असावे हेही त्या ठरवत नाहीत. परंतु ‘एवढे मोठे विमान कशाला?’ एवढे विचारायला घटनेची कोणती आडकाठी होती?

मग पुण्याची जागा. खडकी छावणीतल्या लष्कराच्या जमिनीवर निवृत्तीनंतरचे घर व्हायचे होते. जागा सुमारे २ लाख ६० हजार चौरस फूट. चौरस फुटांत सांगितले की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून आपल्या मापात सांगतो : सहा एकर. आमच्याकडे सहा एकरांवर दोन भावांचे संसार चालतात. निवृत्त राष्ट्रपतींना नियमाने मिळणाऱ्या घराच्या मानाने ही जागा फारच मोठी, असा आक्षेप पुण्यातल्याच माजी सैनिकांनी घेतला. हे माजी सैनिक काही मराठीद्वेष्टे नव्हते. त्यांचा प्रश्न साधा होता : सैनिकांना आणि वीरपत्नींना राहायला घरे कमी असताना ही जागा कोणाची? गाजावाजा वाढला आणि एप्रिल २०१२ च्या अखेरीस ताईंनी ते घर नको म्हणून कळवले. सोडले हे चांगलेच झाले. पण ज्यांच्या विचारण्याने सोडले, त्यांना आम्ही घरभेदीच म्हणत राहिलो.

राष्ट्रपतिपदावर असताना मिळालेल्या भेटवस्तू अमरावतीच्या, त्यांच्या कुटुंबाशी संबंध असलेल्या संस्थेकडे प्रदर्शनासाठी गेल्या आणि पुढे राष्ट्रपती भवनाने परत मागवल्या. हे प्रकरण मी इतक्यावरच सोडतो. जळगावच्या ज्या महिला सहकारी बँकेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, तिचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. तो विषय २००७ च्या निवडणुकीतच उगाळून झाला होता.

मला खरा विषय वाटतो तो निराळाच, आणि तो आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. हिंडलगा तुरुंग बेळगावच्या लोकांना सांगायला नको. सीमालढ्यातले आमचे सत्याग्रही त्याच भिंतींच्या आत राहून आले. या तुरुंगात बागलकोटकडच्या एका खुनाच्या प्रकरणात फाशी झालेला एक कैदी होता. दयेचा अर्ज दिल्लीत पडून होता. ऑक्टोबर २००७ मध्ये, ताईंनी शपथ घेतल्याला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, तो कैदी आजाराने वारला. आणि जून २०१२ मध्ये, ताईंची मुदत संपायला दोन महिनेही उरले नसताना, राष्ट्रपती भवनातून आदेश निघाला, की या कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलण्यात येत आहे.

मेलेल्या माणसाला जन्मठेप! साडेचार वर्षे फाइल चालत होती आणि माणूस केव्हाच गेला होता. हिंडलग्याहून बेंगळूरला, बेंगळूरहून दिल्लीला एक ओळ जायची होती, ती गेली नाही. तुरुंग कर्नाटकाचा, गृहखाते दिल्लीचे, सही राष्ट्रपतींची. दयेच्या अर्जावर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय देतात, तेव्हा सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. फाशी रद्द करणे हे चूक, असेही मी म्हणत नाही; त्यांनी पस्तीसेक जणांची फाशी टाळली, त्याबद्दल ज्याचे-त्याचे मत असू शकते. माझा प्रश्न एवढाच, की माणूस जिवंत आहे की नाही हे न बघता जिथे त्याच्या प्राणाचा कागद पुढे सरकतो, त्या दालनाच्या शब्दावर आपण किती भरवसा ठेवायचा? आणि तुरुंग आमच्या गावाला लागून असताना हा प्रश्न बेळगावच्या मराठी माणसाने सर्वांत आधी का विचारला नाही? आम्ही पेढ्यांच्या गोडीत होतो.

उलट बाजूलाही सोडायचे कारण नाही. ताईंच्या डोक्यावरच्या पदराची टिंगल करणारे, राष्ट्रपती भवनाचे स्वयंपाकघर झाले म्हणून विनोद सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना खर्चाशी काही घेणेदेणे नव्हते, बाई त्या खुर्चीवर बसली हेच खुपत होते. पंचाहत्तरीला आलेल्या या बाईंनी नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केले होते, तेव्हा हे विनोदवीर कुठे बसले होते? पदराचा बिलाशी काही संबंध नाही. पण टवाळखोर आहेत म्हणून बिल बघायचेच नाही, हा कुठला न्याय?

‘इतरांनी काय कमी खर्च केला?’ हे दुसरे ठरलेले उत्तर. केला असेल, त्यांनाही विचारा. पण उदाहरण द्यायचेच तर अब्दुल कलामांचे द्या. २००६ मध्ये त्यांचे पन्नासेक नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहायला आले, आणि त्यांच्या राहण्याजेवण्याचे साडेतीन लाखांच्या वरचे बिल कलामांनी स्वतःच्या खिशातून भरले. कोणी मागितले नव्हते.

वाचकांपैकी फार थोड्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. राष्ट्रपतींचे वेतन आणि त्यांच्या कार्यालयाचा खर्च देशाच्या संचित निधीवर थेट पडतो. संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. राष्ट्रपतींना राजकारणाच्या ओढाताणीपासून दूर ठेवायचे, म्हणून घटनाकारांनी हे शहाणपणाने केले. पण त्याचा अर्थ असा, की खासदार जिथे हात वर करू शकत नाही तिथे विचारणारा उरतो तो फक्त नागरिक. २००५ चा माहितीचा कायदा नसता तर हे २०५ कोटी तुम्हांआम्हांला कळलेही नसते. आपण मुलांना वक्तृत्व स्पर्धेत राघोबादादांना तोंडावर सुनावणारे रामशास्त्री पाठ करायला लावतो, पहिला क्रमांकही देतो, आणि घरच्या माणसावर प्रश्न आला की शास्त्रीबुवांना फळीवर ठेवून देतो.

यात आपला स्वार्थही आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचे राष्ट्रपतींशी असलेले नाते पेढ्यांचे नाही, कलमांचे आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी राज्यांना निर्देश देण्याचा अधिकार ३५० अ कलमाने राष्ट्रपतींना दिला आहे. ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त आपला अहवाल राष्ट्रपतींनाच देतो आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. म्हणजे आमच्या शाळांचे, आमच्या उताऱ्यांचे, आमच्या मराठी कागदपत्रांचे गाऱ्हाणे शेवटी ज्या दारी जाते, ते हेच दार. त्या दाराची पत राहिली तर आमच्या अर्जाला किंमत. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. शाळेत जाणारे पोर तोवर थांबत नाही.

ताई पाच वर्षे त्या खुर्चीवर होत्या. त्या पाच वर्षांत आपल्या किती मंडळांनी ३५० अ चा आधार घेऊन त्यांना एक धड निवेदन पाठवले, आणि किती मंडळांनी सत्काराची तारीख मागितली, याचा हिशेब ज्याने-त्याने आपल्या इतिवृत्ताच्या वहीत बघावा. २०२२ पासून तिथे संथाली मातृभाषेच्या द्रौपदी मुर्मू आहेत. आपली भाषा शाळेत नसली की मुलाचे काय होते, हे त्यांना निराळे सांगायला नको. येत्या बैठकीत मी दोन विषय मांडणार आहे : आयुक्तांचा ताजा अहवाल मागवून वाचनालयाच्या टेबलावर ठेवायचा, आणि मराठी शाळांच्या प्रश्नावर राष्ट्रपतींना पत्र पाठवून त्याची पोच मागायची. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारातला दहा रुपयांचा अर्ज मी माझ्या नावाने करीन. घरभेदी म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांनी पत्रावर पहिली सही करावी, अशी माझी इच्छा आहे. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.