पदवी की वास्तव्याचा परवाना?

पुण्या-नाशकातील मध्यमवर्गीय घरांत सध्या मुलामुलींच्या विवाहाइतक्याच गांभीर्याने परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा खल चालतो. अमेरिकेतील दोन वर्षांपेक्षा इंग्लंडमधील एका वर्षाचा अभ्यासक्रम पेलवेल, असे अनेकांना वाटते. विद्येसाठी सातासमुद्रापार जाण्यात वावगे काहीच नाही. आनंदीबाई जोशी रूढीचा रोष पत्करून १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आक्षेप जाण्याला नाही. आपण नेमके काय विकत घेतो आहोत, याचा हिशेब न मांडता राहते घर गहाण टाकण्याला आहे.

सल्लागारांच्या पाट्यांवर ‘मोफत मार्गदर्शन’ असे लिहिलेले असते. पालकांना ते मोफत पडते, कारण त्याचे मोल बहुधा विद्यापीठ चुकते करते. विद्यार्थी दाखल झाला की शुल्कातील काही हिस्सा दलालीच्या रूपाने या कार्यालयाकडे येतो. विद्यापीठांना तरी एवढी निकड का? इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे पदवीचे शुल्क सरकारने बांधून दिलेले आहे. २०१७ ते २०२५ या काळात ते ९,२५० पौंडांवरच अडकून होते. महागाई मात्र थांबली नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर असे बंधन नाही, तेव्हा तूट भरून काढायची ती त्यांच्याकडून. तत्परतेने हाती पडणारे प्रवेशपत्र पाहून पेढे वाटण्यापूर्वी हे ध्यानी घेतलेले बरे.

‘तेथेच नोकरी करून कर्ज फेडू’ हा या साऱ्या बेताचा पाया. तो ज्यांच्या हाती आहे, ते सरकार दर काही वर्षांनी तो हलवते. शिक्षणानंतर दोन वर्षे राहून काम करण्याची सवलत २०१२ मध्ये काढून घेतली गेली, २०२१ मध्ये पुन्हा मिळाली. आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.ए., एम.एस्सी.वाल्यांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे. कुशल कर्मचाऱ्याच्या व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नवपदवीधरांना त्यात सूट आहे, पण ठरावीक काळापुरतीच. ब्रिटिशांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या भूमीवर कोणाला किती काळ राहू द्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला असतोच.

कर्जावर मात्र शिक्षणकाळातही व्याज चढत असते. मोठ्या रकमेला तारण लागते, आणि ते बहुधा वडिलांनी आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेली सदनिका असते. पौंडांतील पगाराच्या भरवशावर काढलेले कर्ज पुण्यातील पहिल्या पगारातून फेडावे लागले तर काय, याचे उत्तर कोणत्याही गुळगुळीत माहितीपत्रकात सापडत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साह्य घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. पुढे १९२५ मध्ये भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा हीच विद्या उपयोगी पडली. लंडनमध्ये राहायला मिळते की नाही, यावर तिचे मोल ठरणार नव्हते.

कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी म्हणूनच एक प्रश्न घरात विचारला जावा. दीक्षान्त समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी परतावे लागले, तरी या पदवीला येथे काय किंमत असेल? लेस्टर विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९६६ मध्ये सुरू झाला. तसल्या विषयासाठी कोणी निघाला असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा (प्रस्तुत लेखक कलाशाखेचा असल्याने हा पक्षपात समजून घ्यावा). परंतु नावही कधी न ऐकलेल्या विद्यापीठातील व्यवस्थापनाच्या पदवीसाठी घर तारण ठेवायचे असेल, तर तेथूनच दोन वर्षांपूर्वी शिकून आलेल्या दोघातिघांना आधी गाठावे. ते आज कोठे आहेत, काय काम करतात आणि हप्ता कोण भरतो, हे त्यांनाच विचारावे, सल्लागाराला नव्हे.