संगणकाचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असला म्हणजे पहिली कुदळ गाभाऱ्याच्या भिंतीवर पडत नाहीं. आधीं मूर्तीचें देवत्व मंत्रपूर्वक कलशांत आणून ठेवितात. मग भिंती उतरवितात, शिखर बांधतात, आणि सर्व यथास्थित झाल्यावर कलशांतील देवत्व पुन्हां मूर्तीच्या ठायीं आणितात. हा क्रम ज्यांनीं घालून दिला त्यांना संगणक ठाऊक नव्हता. परंतु संगणकाची कार्यप्रणाली नव्यानें बसवावयाची झाल्यास याहून शहाणपणाचा क्रम मला दुसरा आढळला नाहीं. आधीं कलश, मग कुदळ.

हें शहाणपण मला फुकट लाभलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझा जुना संगणक सुरू व्हावयास पाव पाव तास घेऊं लागला, म्हणून तो मीं दुरुस्तीच्या दुकानांत नेला. तेथील तरुणानें अदबीनें विचारलें, "सर, तुमचा डेटा 'डी ड्राइव्ह'मध्येंच आहे ना? मग 'सी' फॉरमॅट करून टाकतों." मीं मान डोलाविली. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचें लेखन 'डी'मध्यें होतें, हें मला पक्कें ठाऊक होतें. परंतु माझे वडील बंधु हयात असतांना त्यांच्या मुखांतून जुन्या आठवणी वदवून घेऊन मीं जीं अकरा ध्वनिमुद्रणें केलीं होतीं, तीं सदैव डोळ्यांसमोर असावीं म्हणून 'डेस्कटॉप'वर ठेविलीं होतीं. आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मोबाइलमधील मूळ प्रती पुसून टाकिल्या होत्या. डेस्कटॉप हा 'सी'चाच एक कोपरा आहे, हें मला संगणक घरीं परत आल्यावर समजलें. बंधूंना जाऊन तेव्हां सहा महिने झाले होते. दोष त्या तरुणाचा नव्हे. त्यानें विचारलें होतें, आणि मीं न पाहतां उत्तर दिलें होतें. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असें जन्मभर मुलांना सांगणाऱ्या मास्तराच्या हातून हें घडलें.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुष्कळ घरांतून नवी प्रणाली बसविण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. तेव्हां प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. संगणकांत तीन निरनिराळ्या वस्तु एकत्र नांदत असतात: कार्यप्रणाली, तिच्यावर चालणारे कार्यक्रम, आणि आपलें स्वतःचें लेखन, चित्रें, हिशेब इत्यादि धन. पहिल्या दोन वस्तु गेल्या तरी पुन्हां आणितां येतात. तिसरी आपल्यावांचून जगांत दुसऱ्या कोणापाशीं नसते.

प्रणाली नवी करण्याचे मार्गही तीन आहेत. पहिला म्हणजे नुसतीं कौलें चाळून घेणें. संगणक चालूं असतांनाच विंडोजच्या स्थापनेचा कार्यक्रम आंतून चालवावा, व काय राखावें असें तो विचारील तेव्हां 'खाजगी फायली आणि कार्यक्रम' हा पर्याय निवडावा. घर जागच्या जागीं राहून फक्त छप्पर नवें होतें. संगणक सुरू होत असेल तर प्रथम हाच मार्ग धरावा.

दुसरा मार्ग 'रीसेट'चा. 'विंडोज ११'मध्यें 'सेटिंग्ज', तेथून 'सिस्टिम', तेथून 'रिकव्हरी' असें गेलें कीं तो सांपडतो. तेथें दोन दारें आहेत. 'कीप माय फाइल्स' या दारानें गेल्यास आपल्या फायली राहतात, पण मागाहून बसविलेले कार्यक्रम आणि सर्व मांडणी जाते. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' या दारानें गेल्यास सर्वस्व जातें. दोन्ही दारें शेजारीं शेजारीं आहेत, म्हणून चष्मा लावूनच बोट ठेवावें. पुढें 'क्लाउड डाउनलोड' निवडल्यास चार जीबींहून अधिक डेटा खर्च होऊं शकतो, हेंही आधीं पाहावें.

तिसरा मार्ग म्हणजे घर पायापासून उतरविणें. त्यास निदान आठ जीबींचा पेन-ड्राइव्ह लागतो, आणि तो तयार करतांना त्यावरील पूर्वींचें सारें पुसलें जातें. स्थापनेच्या वेळीं डिस्कचे भाग पडद्यावर दिसतात; तेथें 'डिलीट' किंवा 'फॉरमॅट' म्हटलें कीं त्या भागांतील संसार मोडला. फॉरमॅट न करतां स्थापना केली तर जुनें सामान 'विंडोज डॉट ओल्ड' नांवाच्या फोल्डरांत काढून ठेविलें जातें खरें, परंतु तें अंगणांत काढलेलें सामान आहे. सुमारें दहा दिवसांनीं प्रणाली स्वतःच तें झाडून टाकिते. त्यावर विसंबून राहूं नये.

मार्ग कोणताही असो, कलश आधीं भरावा. बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क घ्यावी आणि 'सी'मधील 'यूजर्स' या फोल्डरांत आपल्या नांवाचा जो फोल्डर असतो, तो संपूर्ण तिच्यावर उतरवावा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हीं सारीं बहुधा त्याच्याच पोटांत असतात. कांहीं जिन्नस मात्र माळ्यावरच्या पितळेसारखे नजरेआड असतात: ब्राउझरमधील खुणा व परवलीचे शब्द, टपालाच्या कार्यक्रमानें जपलेलीं पत्रें, हिशेबाच्या कार्यक्रमांतील खातीं. त्यांची निर्यात त्या त्या कार्यक्रमांतूनच करून घ्यावी. 'वनड्राइव्ह'वर सर्व आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं दोन गोष्टी तपासाव्या. फुकट जागा पांच जीबींचीच असते. आणि येथें पुसलेलें तेथूनही पुसलें जातें. आरसा म्हणजे कलश नव्हे.

प्रत केल्यावर ती दुसऱ्या संगणकाला जोडून चारदोन फायली उघडून पाहाव्या, एखादें ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकावें, आणि मग स्थापना होईपर्यंत ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. दुसरी एक प्रत लेकीच्या किंवा भावाच्या घरीं असावी. पाणी आणि आग दोन्ही घरीं एकाच दिवशीं येत नाहींत. शिवाय अनेक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. त्या कुलपाची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत असते. ती आधींच कागदावर उतरून घ्यावी. आणि चुकून कांहीं पुसलें गेलेंच, तर संगणक त्याच क्षणीं बंद करावा. त्यावर नवें कांहीं लिहिलें गेलें नाहीं तोंवर जाणत्याच्या हातीं तें कधीं कधीं परत लागतें. मीं मात्र शोधाशोध करण्याच्या भरांत दोन दिवस तोच संगणक चालविला.

आतां मराठी लिहिणाऱ्यांपुरती एक वेगळी गोष्ट. 'डी'मधला कुलवृत्तांत सुखरूप होता. उघडून पाहतों तों पानोपान रोमन अक्षरांचा नुसता कचरा! बारा वर्षांचें लेखन भ्रष्ट झालें असें समजून त्या रात्रीं मीं जेवलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं पाहून सांगितलें, "बाबा, फाईल बिघडलेली नाहीं, तुमचा फॉन्ट गेलाय." युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. फॉन्ट आहे तोंवर तें मराठी. तो गेला कीं उरतो तो निव्वळ संकेत. फॉरमॅटनें अथवा रीसेटनें आपण बसविलेले फॉन्ट जातात. वृत्तांत मागें तपासण्यासाठीं एका भाऊबंदांकडे दिला होता. त्यांच्याकडे तोच फॉन्ट निघाला, आणि तो बसवितांच आठही पिढ्या पुन्हां बोलूं लागल्या. १९९१ सालापासून युनिकोडमध्यें देवनागरीस स्वतःचें स्थान आहे. ज्यांचें लेखन जुन्या फॉन्टांत असेल त्यांनीं फॉन्टची फाईल लेखनाबरोबरच जपावी, आणि सवडीनें सर्व लेखन युनिकोडमध्यें उतरवून घ्यावें. मीं तें काम गेल्या वर्षीं पुरें केलें.

ध्वनिमुद्रणें मात्र मिळालीं नाहींत. कोंकणांतील घर सोडून आमचे आजे घाटावर कसे आले, ती हकीकत बंधूंच्या स्वतःच्या शब्दांत छापावयाची होती. प्रकरणाच्या शेवटीं 'मुखांतून ऐकून' असें लिहावयाचें, हेंही ठरलें होतें. आतां तेथें 'स्मरणावरून' असें लिहिलें आहे.