पाठांतर हवे, पण तारखेसह

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला औषधशास्त्रात प्रतिजैविकांचे प्रकरण मुखोद्गत करावे लागते. औषधांचे वर्ग, कोणत्या रोगावर कोणते औषध आणि त्याचे दुष्परिणाम यांची कोष्टके आद्याक्षरांच्या युक्त्या योजून घोकली जातात. या घोकंपट्टीची टवाळी करण्याची प्रथा आहे. ती अनाठायी होय. मध्यरात्री मेनिंजायटिसचा रुग्ण दाखल झाला असता ग्रंथ चाळण्यास उसंत नसते. पेनिसिलिन टोचण्यापूर्वी ॲलर्जीची चौकशी करावी, स्ट्रेप्टोमायसिनने बहिरेपण येऊ शकते, या गोष्टी आठवाव्या लागू नयेत इतक्या अंगवळणी पडलेल्या असाव्यात.

अडचण निराळीच आहे. पाढे एकदा पाठ केले की जन्मभर पुरतात. प्रतिजैविकांचे कोष्टक तसे पुरत नाही. विषमज्वराचेच उदाहरण घ्यावे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल या रोगावर गुणकारी ठरले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ही जोडी पाठ केली. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळातील कालिकत येथे या औषधाला दाद न देणाऱ्या विषमज्वराच्या साथी उद्भवल्या. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आले. नव्वदच्या दशकात त्याचाही प्रभाव ओसरू लागला. नंतर भिस्त सेफ्ट्रायॅक्सोनवर आली, तर २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात त्यालाही न जुमानणारा जंतू पसरला. रोग तोच राहिला, उत्तर मात्र वारंवार बदलले. विद्यार्थिदशेत पाठ केलेल्या उत्तरावर जो डॉक्टर आयुष्यभर विसंबतो, त्याच्या स्मरणशक्तीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

हे अनपेक्षित होते असेही नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: सर्रास वापरावयाची, जपून वापरावयाची आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवावयाची. आपल्याकडेही २०१४ पासून अनेक प्रतिजैविके एच-१ अनुसूचीत आली व त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. परंतु कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. डॉक्टरच्या मनातील कोष्टक बदलण्याचे काम शिक्षणाचेच आहे.

यास्तव परीक्षेचे स्वरूप पालटावयास हवे. ‘या रोगावर कोणते औषध?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘येथे प्रतिजैविक का देऊ नये?’ हा प्रश्न सक्तीचा असावा. विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविक निरुपयोगी आहे, हे जाणून हात आवरणे हेही ज्ञानच आहे. प्रयोगशाळेचा अहवाल समोर ठेवून त्यावरून औषध निवडावयास लावावे. आणि अध्यापकांनी फळ्यावर कोष्टक मांडताना त्याच्या माथ्यावर त्या वर्षाचा आकडा लिहावा. पाठांतर करणाऱ्याने तो आकडाही पाठ करावा, म्हणजे पुढे कधीतरी तो जुना झाल्याचे त्याच्या ध्यानात येईल.