सहलीची तारीख चांदवर ठरवा

गेल्या साली आम्ही ठाण्याच्या खाडीवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो. तारीख ठरवली ती रविवार आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन बघून. आम्ही जळगावहून बसलो, धुळ्याचे मेहुणे सहकुटुंब चाळीसगावला चढले. ऐरोलीला पोचलो तर पूर्ण ओहोटी. नुसता चिखल, बोट नाही. लांबवर एक गुलाबी रेघ दिसली. "अब्बा, एवढ्यासाठी रात्रभर आलो?" धाकटीचं हे वाक्य अजून कानात आहे.

चूक माझीच. आपण तापीकाठची माणसं. हिवाळ्यात हतनूरच्या धरणावर कधीही जा, बदकं दिसतातच. खाडीचं पाणी मात्र चांदवर चालतं. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईकडे भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. चांदच्या सात-आठ तारखेला दुपारी ओहोटी असते, आम्ही नेमके तेव्हाच गेलो होतो. बारा-तेरा तारखेला भरती सकाळी दहाच्या सुमारास येते. तेव्हा बोटीला पाणी मिळतं, आणि चिखल बुडू लागला की पक्षी काठाकडे सरकतात. हिजरी कॅलेंडर आपल्या प्रत्येक घरात टांगलेलं असतं, पण ते आपण रमजान आणि ईदपुरतंच बघतो. पक्कं वेळापत्रक भरतीच्या तक्त्यात बघावंच, पण दिवस निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे.

सध्या रमजान फेब्रुवारीत सुरू होतो, ऐन रोहितांच्या हंगामात. रोज्यात मुलांना घेऊन उन्हात बोटीवर बसणं नको. म्हणून शाबान बरा. तेराला खाडी, रात्रीची गाडी, चौदाला सकाळी घरी. शबे-बरातला पुरुषमंडळी कब्रस्तानात जायला हजर.

"पक्षी बघणं हे आपल्या लोकांचं काम नव्हे," असं मोहल्ल्यात एक बुजुर्ग म्हणाले. त्यांना मी सलीम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ही खायला चालेल का, अशी शंका आली. ते चिमणी घेऊन मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. बुजुर्ग हसले. येतो मात्र म्हणाले नाहीत.

मेहुण्यांना कळवलंय, शाबानची तेरा. रविवार नाही आला तर पोरांची एक दिवस शाळा बुडेल. बुडू दे.