किल्ली कुणाच्या कमरेला?

जुन्या घरांत धान्याच्या कोठीला कुलूप असायचं आणि किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला. सुनेनं दळायचं, कांडायचं, दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या. पण पायलीभर ज्वारी काढायची तर सासूपुढे उभं राहायचं. काम सुनेचं, हिशेब सासूचा, आणि काही कमी पडलं की बोलणी परत सुनेलाच. मैत्रिणींनो, अंगणवाडी सेविकेच्या हातातला सरकारी मोबाईल पाहिला की मला ही कोठी आठवते. मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावात असो की मुंबईच्या वस्तीत, प्रश्न तोच आहे. मोबाईल तिच्या हातात आहे, पण किल्ली कुणाच्या कमरेला?

आधी हे कुलूप काय असतं ते समजून घेऊ. तंत्रज्ञान म्हटलं की आपण बायका दोन पावलं मागे सरतो, आणि नेमकं तिथेच आपल्यावर राज्य करायचं फावतं. या प्रणालीला ‘मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट’ म्हणतात, थोडक्यात एम.डी.एम. मोबाईल नवा कोरा असतानाच त्याची ‘मालक’ म्हणून एखाद्या कंपनीच्या किंवा खात्याच्या नावानं नोंद करतात. मग पडद्यावर कोणती ॲप दिसावीत, नवं काही टाकता यावं की नाही, कॅमेरा चालावा की नाही, हे दूर बसलेलं कार्यालय ठरवतं. पडद्यावर एकच ॲप ठेवून बाकी सारं बंद करता येतं. मोबाईल कुठे आहे ते पाहता येतं आणि त्यातलं सगळं दुरूनच पुसताही येतं. माल घरपोच देणाऱ्या मुलांचे, गोदामातले, दुकानांतले कंपन्यांचे मोबाईल असेच कुलूपबंद असतात.

आपल्याकडे लाखो बायकांपर्यंत हे कुलूप पोषण अभियानातून पोचलं. या अभियानाची सुरुवात ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानात झुंझुनूला झाली. म्हणजे आपल्या महिला दिनी! सेविकांच्या अकरा नोंदवह्यांपैकी दहा आता मोबाईलमध्ये भरायच्या, असं ठरलं. त्यासाठीच्या मोबाईल खरेदीत एम.डी.एम. प्रणालीही होती. महाराष्ट्रात २०१९ मध्ये मोबाईल वाटले गेले. मार्च २०२१ मध्ये जुनं ॲप जाऊन ‘पोषण ट्रॅकर’ आलं. मोबाईलची ताकद तुटपुंजी, ॲप जड, वर भाषा इंग्रजी. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचे पैसे सेविकेच्या पदरातून जाऊ लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ‘मोबाईल वापसी’ आंदोलन केलं. प्रकल्प कार्यालयांत जाऊन त्यांनी ते मोबाईल सरकारला परत केले. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. २० फेब्रुवारी २०२३ पासूनच्या संपातही नवे मोबाईल ही एक मुख्य मागणी होती.

वर्तमानपत्रांनी या आंदोलनाकडे ‘नादुरुस्त मोबाईलची तक्रार’ म्हणून पाहिलं. मला त्यात त्याहून मोठं काही दिसतं. ज्या वस्तूवर आपला काडीचा अधिकार नाही, पण जिच्या प्रत्येक बिघाडाला आपण जबाबदार, ती वस्तू बायकांनी मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. सुनेनं कोठीसमोर बसून ‘आता तुम्हीच काढा ज्वारी’ म्हणावं, तसं हे होतं.

मग कुलूपच नको का? तसं मी म्हणणार नाही. या मोबाईलमध्ये गावातल्या गरोदर बायांची नावं आहेत, कुणाचं कितवं बाळंतपण, कुणाचं मूल तीव्र कुपोषित, हे सारं आहे. ही माहिती चव्हाट्यावर येता कामा नये. मोबाईल हरवला तर ती दुरून पुसता यायलाच हवी. कुलपाची आणखी एक बाजू बायाच सांगतात. देशात स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या बायका सुमारे ५४ टक्के, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. घरात आलेला चांगला मोबाईल आधी नवऱ्याकडे, मग पोराकडे जातो. ज्यात खेळ चालत नाही, सिनेमा चालत नाही, तो मात्र कुणी हिसकावत नाही. कुलपानं काही घरांत बाईची वस्तू बाईकडेच राहिली.

माझी हरकत कुलपाला नाही, ते एकाच बाजूनं लागतं याला आहे. सेविकेनं मोबाईलवर दुसरं काही करू नये म्हणून कुलूप आहे. पण रात्री नऊ वाजता ‘उद्या सकाळपर्यंत माहिती भरा’ असा निरोप येतो, तेव्हा त्या निरोपाला कुलूप नाही. अंगणवाडी किती वाजता उघडली ते कार्यालयाला कळतं. पण रेंज नाही म्हणून सेविका शेताच्या बांधावर किती वेळ उभी होती, याची नोंद कुठे होते? मोबाईल फक्त कामासाठी राखून ठेवला, पण कामाची वेळ मात्र कुणी राखून ठेवली नाही.

आणि इथेच सरकारची खरी गोम आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस ‘मानसेवी’. त्यांना पगार नाही, मानधन. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ते वाढलं, तेव्हा कुठे सेविकेला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये झाले. आता साधा प्रश्न विचारू. जी बाई स्वेच्छेनं सेवा करते, तिच्या हातातल्या साधनाला कुलूप कोण लावतं? तिच्या हजेरीचा फोटो, तिचं ठिकाण, तिनं किती वजनं घेतली, हे रोज कोण तपासतं? मालक तपासतो. जिथे मालक आहे, तिथे कामगार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या प्रकरणात सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं, मानधनाला वेतन मानलं. मागणी मान्य व्हावी म्हणून मात्र डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या बायकांना पुन्हा संपावर बसावं लागलं. तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदासुद्धा नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देतो. म्हणजे माहिती घेताना मालक आणि पगार देताना पाहुणे! हे चालणार नाही. एम.डी.एम.चं कुलूप हा त्या बाईच्या नोकरीचा पुरावा आहे, असं आपण ठणकावून म्हटलं पाहिजे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. सरकारी मोबाईल बंद पडला की सांगितलं जातं, ‘स्वतःच्या मोबाईलवर भरा.’ आता कामाची पाळत तिच्या घरच्या मोबाईलवर आली, जिथे तिच्या मुलीचे फोटो आहेत, माहेरचे निरोप आहेत आणि कदाचित नवऱ्याच्या माराबद्दल मैत्रिणीला पाठवलेलं बोलणंही आहे. हरियाणात २०२१ मध्ये आशाताईंनी ‘एम.डी.एम. ३६० शील्ड’ नावाच्या ॲपला विरोध केला, तो याच धास्तीनं. जवळचं उदाहरण हवं तर आपल्या नागपूरचं घ्या. तिथे महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर ठिकाण दाखवणारी घड्याळं बांधली. सेविका, आशा, झाडूवाल्या! पाळतीचे प्रयोग नेमके कुणावर होतात ते बघा. साहेबाच्या मनगटावर असं घड्याळ बांधलेलं कुणी पाहिलंय का? खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखानं सांगितलं. तो फक्त बंगल्यातल्यांचा हक्क नाही.

ही गोष्ट सेविकेपाशी थांबतही नाही. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थी बाईच्या चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. त्यासाठी आधार, आधारसाठी ओटीपी, आणि ओटीपी येतो नवऱ्याच्या मोबाईलवर. तो कामाला पुण्या-मुंबईकडे. सेविका समोर बसलेल्या बाईला गेली पाच वर्षं ओळखते, तिचं पोट दिसतंय, पण मोबाईल ओळखत नाही म्हणून आहार अडतो. आणि शिव्या कुणाला? सेविकेलाच. दोन गरीब बायकांना एकमेकींसमोर उभं करून किल्लीवाला पडद्याआड राहतो.

म्हणून हा प्रश्न नुसता युनियनचा म्हणून बाजूला ठेवू नये, असं मला वाटतं. बाईच्या श्रमावर, वेळेवर आणि हालचालीवर कुणाचा ताबा, हा आपल्या चळवळीचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. महिला मंडळांनी, बचत गटांनी सेविकांबरोबर बसून काही गोष्टी लेखी मागाव्यात. मोबाईलमधून कार्यालयाला काय काय दिसतं, याची यादी मराठीत प्रत्येकीच्या हातात द्या. रिचार्ज, दुरुस्ती आणि बदली मोबाईल हा सरकारचा खर्च. ठरलेल्या वेळेनंतर कामाचं ॲपच बंद राहावं. इतकी कुलपं घालता येतात, तर एवढं एक नक्कीच घालता येईल. स्वतःचा मोबाईल वापरायची सक्ती नको. एखादी स्वखुशीनं वापरत असेल, तर त्यात कामाचा वेगळा कप्पा करून द्या. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ती सोय आहे. कार्यालयाला त्या कप्प्याबाहेरचं दिसत नाही आणि बाईला तो संध्याकाळी बंद करता येतो. आणि मशीन अडलं, तर सेविकेची वही आणि तिची सही चालली पाहिजे.

यातलं काहीही अशक्य नाही. तंत्र तयार आहे, फक्त ते वरच्यांच्या सोयीनं वापरलं जातं. सासूच्या कमरेची किल्ली सुनांच्या हाती आपोआप आली नाही. कुठे भांडून आली, कुठे वेगळी चूल मांडून. इथे वेगळी चूल मांडायची सोय नाही, कारण अंगणवाडी आपलीच आहे आणि त्यातली लेकरंही आपलीच. तेव्हा भांडूनच घ्यावी लागेल.